भुकेची वाट किती पाहायची?

पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठ या भागांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलं-मुली राहतात. दिवस अभ्यासिकेत जातो, रात्र कॉट बेसिसच्या खोलीत, आणि जेवण मेसचं. परीक्षा जवळ आली, निकाल लांबला किंवा तारीख पुढे ढकलली गेली, की डब्यांतून पोळ्या तशाच परत जाऊ लागतात. ताण आला की जास्त खाणाऱ्यांना भरपूर सल्ले मिळतात. ताणानं ज्यांची अन्नावरची वासनाच उडते, त्यांच्या वाट्याला मात्र 'बरं झालं, सडपातळ झालास' एवढंच येतं. हे ऐकून मला वाईट वाटतं, कारण ती मुलं आतून खंगत असतात.

अशाच एका मुलाचा आणि त्याच्या मावशीचा हा संवाद. मावशी रुग्णालयात आहारतज्ज्ञ होती, आता निवृत्त आहे. भाचा सव्वीस वर्षांचा. त्याची उंची पाच फूट आठ इंच, आणि आठ महिन्यांत वजन ६१ किलोवरून ५३ वर आलेलं. वजन वाढायला हवं हे दोघांनाही मान्य आहे. सुरुवात कुठून करायची, यावर त्यांचं पटत नाही.

भाचा : मावशी, मी मुद्दाम उपाशी राहत नाही. ताट समोर आलं की पोटात गोळा येतो. दोन घास गेले की गळ्याशी येतं. हा ताणाचा परिणाम आहे. कारण तसंच ठेवून परिणामाच्या मागे धावायचं, हे मला पटत नाही. मन शांत झालं की भूक आपोआप लागेल.

मावशी : आणि मन कधी शांत होणार?

भाचा : मुख्य परीक्षा झाली की.

मावशी : मग निकालाची वाट. मग मुलाखत. नाही झालं तर पुढची जाहिरात. तू भुकेला ज्या तारखेचा वायदा दिला आहेस, ती तारीखच हलती आहे. तोवर शरीरानं काय करायचं?

भाचा : पण शरीराचं म्हणणं माझ्याच बाजूचं आहे. वॉल्टर कॅनन नावाचा हार्वर्डचा शरीरशास्त्रज्ञ होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, क्ष-किरण नुकतेच सापडले होते तेव्हा, तो मांजरांना खायला घालून त्यांच्या जठराची हालचाल पाहत असे. मांजर घाबरलं, चिडलं, की ती हालचाल थांबायची. शांत झालं की पुन्हा सुरू. पुढे १९१५ साली त्यानं भीती, राग आणि भूक यांवर पुस्तकच लिहिलं. आणि चरकसंहितेच्या विमानस्थानातही हेच आहे. चिंता, शोक, भय, क्रोध, जागरण यांनी ग्रासलेल्या माणसानं बेतानं खाल्लेलं, चांगलं अन्नही पचत नाही. मग मी कोंबून काय उपयोग?

मावशी : दोन्ही खरं आहे, आणि मी ते नाकारत नाही. धोका जाणवला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच नावाचं संप्रेरक सुटतं, ते भूक दाबतं. ॲड्रेनलिन वाढतं, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, जठर सावकाश रिकामं होतं. तुला दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, ते या सगळ्यामुळे. तू नाटकं करत नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण कॅननच्या मांजरासमोरची भीती काही मिनिटांत सरत होती. तुझी आठ महिने चालली आहे. जी सोय मिनिटांसाठी आहे तिच्यावर आठ महिने काढले, तर न खाण्याचेच वेगळे परिणाम सुरू होतात, आणि ते तुला ताणाचेच वाटतात.

भाचा : म्हणजे?

मावशी : मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये एक प्रयोग केला. युद्धानं उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे समजून घ्यायचं होतं. ३६ धडधाकट तरुण स्वतःहून पुढे आले. २४ आठवडे त्यांना नेहमीच्या जवळजवळ निम्मं अन्न दिलं. वजन साधारण चौथ्या हिश्श्यानं उतरलं. पण मला नोकरीतल्या सगळ्या वर्षांत आठवत राहिलं ते त्यांच्या मनाचं वर्णन. आनंदी, उत्साही मुलं चिडखोर झाली, उदास झाली. लक्ष लागेना, थंडी वाजू लागली, माणसांत मिसळणं नकोसं झालं. त्यांना कसली परीक्षा नव्हती. कमी होतं ते फक्त अन्न. आता तू मला सांग, अभ्यासिकेत एकच पान तू चार-चार वेळा वाचतोस, ते सगळं ताणामुळेच?

भाचा : एक फरक आहे. ती मुलं भुकेनं वेडी झाली होती, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. मला अन्न आठवतही नाही.

मावशी : फरक बरोबर पकडलास. भूक त्यांना होती, तुला नाही. पण भूक आहे की नाही, याच्याशी मेंदूला देणंघेणं नसतं. अन्न पुरेसं मिळतं की नाही, एवढंच. कमी मिळालं की दोघांचंही लक्ष उडतं.

इथे थोडं थांबतो. 'मन आधी की पोट आधी' हा वाद घरोघरी चालतो, आणि त्यात आठवडेच्या आठवडे जातात. मुलगा म्हणतो, मला समजून घ्या. आई म्हणते, आधी खा. दोघांनाही आपलं म्हणणं प्रेमाचं वाटतं आणि वजन तेवढं उतरत राहतं. ताण आपल्या हुकमानं जात नाही. चमचाभर तूप मात्र आज दुपारी भातावर घालता येतं. म्हणून मला मावशीची बाजू जड वाटते. पण पुढे भाचा जे बोलला ते मावशीनं ऐकलं नसतं, तर तिचं तूप भातावर तसंच थिजून राहिलं असतं.

भाचा : तू नीट सांगतेस म्हणून ऐकतोय. पण घरी काय होतं माहीत आहे? फोन केला की पहिला प्रश्न, जेवलास का. दुसरा, काय जेवलास. गावी गेलो की चार माणसं ताटाकडे बघत बसतात. 'एवढंच?' 'अजून एक घे.' 'आमच्या हातचं आवडत नाही का?' मावशी, मला आता जेवणाचीच धास्ती वाटते. परीक्षा एक होती, ताट ही दुसरी झाली. दिवसातून दोनदा होणारी.

मावशी : हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

भाचा : कोण सांगणार? सगळ्यांना वाटतं आपण काळजी करतोय.

मावशी : करतातच रे. पण तुझं बरोबर आहे. वॉर्डमध्ये नातेवाईक असे चमचा धरून उभे राहिले की मी त्यांना बाहेर चहाला पाठवत असे. समोरचा घास मोजतोय म्हटल्यावर जठर आणखी आखडतं. हे तुझ्या आईशी मी बोलेन. ती विचारू दे, आज दिवस कसा गेला म्हणून. ताटाचा विषय तू काढशील तेव्हाच.

भाचा : तेवढं झालं तरी अर्धं ओझं जाईल.

मावशी : मग आता मी मागते ते दे. मी तुला जास्त खा म्हणणार नाही. घड्याळाकडे बघून खा, एवढंच म्हणते. सकाळी उठल्यापासून दर अडीच-तीन तासांनी काहीतरी पोटात, भूक असो-नसो. औषधाची गोळी घ्यायला आपण इच्छेची वाट पाहत नाही, तसं.

भाचा : खाण्याची गोळी करून टाकलीस. मग त्यात जेवणाचा आनंद कुठे राहिला?

मावशी : आज तसाही नाहीये. तो येण्यासाठीच हे आहे. रिकाम्या जठरातून घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक सुटतं, १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. ते ठराविक जेवणवेळेच्या थोडं आधी वाढतं, म्हणजे शरीर वेळा शिकतं. तू कधी अकराला, कधी चारला, कधी नाहीच, असं केलंस तर ते काय शिकणार? शिवाय बरेच दिवस कमी खाल्लं की जठर आणखीच मंद होतं. थोडं थोडं नियमानं जाऊ लागलं की त्याची गती सुधारते. तू म्हणतोस भूक येईल तेव्हा खाईन. मी म्हणते, खाऊ लागलास की भूक येईल, दोन-तीन आठवडे दे.

भाचा : सकाळी तर पाणीही नको वाटतं. मळमळतं.

मावशी : ताणातल्या पुष्कळांना सकाळच सगळ्यात जड जाते. मग सकाळी पोहे-उपम्याची बशी मांडूच नको. दूध, केळं आणि दोन चमचे दाण्याचा कूट, अभ्यासिकेत मिक्सर नसेल तर केळं कुस्करून शिकरणच कर. म्हशीच्या दुधाचा एक पेला धरला तर चारशेच्या आसपास कॅलरी होतात. एकदम नको, अर्ध्या तासात घोट घोट. चावायचं अन्न जात नाही तेव्हा पातळ जातं, कारण त्यानं पोट तितकं भरल्यासारखं वाटत नाही. वजन वाढवायला रोज लागतात त्याहून ३०० ते ५०० कॅलरी जास्त पुरतात. आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढ, त्याहून घाई नको.

भाचा : आणि दुपारचा डबा? त्याचा वास आला तरी...

मावशी : गरम अन्नाचा वास जास्त येतो. डबा उघडून दहा मिनिटं ठेव, किंवा मेसच्या भातात दही कालव. कोकणात, गोव्यात आजारी माणसाला पेज आणि लोणच्याची फोड देतात, ती किती सहज जाते ते आठव. डब्यातल्या चार पोळ्या संपवायचा हट्ट नको. भात घे, त्यावर मेतकूट आणि दोन चमचे तूप. मेतकूट भाजलेल्या डाळींचं, थोडी प्रथिनं मिळतात. तुपाच्या नव्वद कॅलरी कळतही नाहीत. आमटीतली डाळ खालून वाढून घे, वरचं पाणी नको. आणि काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आधी खाऊ नकोस.

भाचा : कोशिंबीर वाईट कधीपासून झाली?

मावशी : वाईट नाही, पण तुझ्या पोटात आत्ता जागा थोडी आहे, ती पाण्यानं भरायची नाही. जेवणाआधी तांब्याभर पाणीही नको. मासिकांतले बहुतेक सल्ले वजन उतरवणाऱ्यांसाठी असतात. ते तू पाळलेस तर आणखी वाळशील. रात्री हलकं खावं हाही त्यातलाच. तुला बरं कधी वाटतं?

भाचा : रात्री साडेनऊनंतर. अभ्यास संपला की थोडं खावंसं वाटतं. पण उशिरा खाऊ नये म्हणून टाळतो.

मावशी : टाळू नकोस! दिवसाचं मोठं जेवण तेव्हाच कर. अंडाभुर्जी-पाव खा, थालीपीठ-लोणी खा, पिठलं-भात खा. झोपायच्या तासभर आधी संपव म्हणजे झालं.

भाचा : गुरुवारी मात्र उपास असतो. आईनं माझ्या निकालासाठी धरायला लावलाय.

मावशी : आजारी माणसाला उपासातून सूट आहे, कुठल्याही घरात विचार. तिनं नवस तुझ्या भल्यासाठी बोललाय. तिला मी सांगते की हा महिना उपास ती एकटी करेल.

भाचा : आणि खोलीवर? ना गॅस, ना फ्रिज. टेबलावर फक्त पुस्तकं.

मावशी : पुस्तकांशेजारी एक डबा ठेव. भाजलेले दाणे आणि गूळ, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, डिंकाचे लाडू, सातूचं पीठ. ३० ग्रॅम दाण्यांत पावणेदोनशे कॅलरी असतात, मुठीत मावतात तेवढे. चहाला जाशील तेव्हा हातात काहीतरी ने. तू दिवसात किती चहा पितोस?

भाचा : सहा-सात. चहानं बरं वाटतं.

मावशी : बरं वाटतं, कारण भूक मरते. आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोहही नीट शोषलं जात नाही. चहा सोड म्हणत नाही. तीनवर आण आणि जेवणापासून तासभर लांब ठेव. सिगारेट?

भाचा : ...कधी कधी. टेन्शनमध्ये.

मावशी : निकोटिन भूक मारतं, एवढंच सांगते. पुढचं तुझं तू ठरव.

भाचा : मित्र म्हणतो एक पावडर आहे, महिन्यात पाच किलो. आणि मेडिकलवाला भुकेची गोळी देतो म्हणाला.

मावशी : पावडरींच्या डब्यात बहुधा साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिनच जास्त असतं, तेवढे पैसे दूध-अंड्यांवर घाल. लेबल नसलेली चूर्णं तर हातातही घेऊ नकोस, अशा चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. त्यानं गाल फुगतात, वजन वाढल्यासारखं दिसतं आणि आतून नुकसान होतं. भुकेची म्हणून देतात ती गोळी बहुतेक वेळा सायप्रोहेप्टाडीन असते. मूळचं ॲलर्जीचं औषध. झोप आणते. अभ्यासिकेत पेंगायचं असेल तर घे. डॉक्टरांनी लिहून दिली तर गोष्ट वेगळी.

भाचा : डॉक्टर. मला वाटलंच होतं इथे येशील. मावशी, कारण माहीत आहे मला. ताण. त्यासाठी डॉक्टर कशाला?

मावशी : कारण तुला वाटतं आहे, तपासलेलं नाही. सहा ते बारा महिन्यांत, प्रयत्न न करता, वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं तर तपासणी करायचीच, असा आमचा नियम. तुझं तेरा टक्के उतरलं आहे. उंचीच्या मानानं वजन पाहिलं तर बीएमआय १८ च्या खाली गेलाय, १८.५ च्या खाली म्हणजे कमी वजन. आपल्याकडे गर्दीच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांत क्षयरोगाची शंका आधी घ्यायची. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम?

भाचा : खोकला नाही. घाम... उन्हाळा आहे म्हणून वाटलं.

मावशी : वाटण्यावर सोडू नकोस. छातीचा एक्स-रे, रक्ताची साधी तपासणी, साखर, थायरॉइड, बी-१२. क्षयरोगाची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. आजार निघालाच तर उपचार चालू असेतो पोषणासाठी महिन्याला हजार रुपये निक्षय पोषण योजनेतून मिळतात. लाजण्यासारखं त्यात काही नाही. आता एक प्रश्न विचारते, खरं उत्तर दे. वजन उतरतंय हे पाहून तुला कधी बरं वाटतं का?

भाचा लगेच बोलला नाही.

भाचा : बरं म्हणजे... बाकी काहीच माझ्या हातात नाही. निकाल नाही, तारीख नाही. 'न खाता मी राहू शकतो' एवढं एक हातात आहे असं कधी कधी वाटतं. वाईट आहे का हे?

मावशी : वाईट काही नाही. पण डॉक्टरांना हे वाक्य जसंच्या तसं सांग. हे भूक मेल्याहून वेगळं आहे, आणि त्यावर वेळेत बोललं तर ते मुळं धरत नाही. सकाळी उठायचंच नाही असं वाटतं? सगळ्याचा कंटाळा, दोन आठवड्यांहून जास्त?

भाचा : महिना झाला असेल. मरावंसं वगैरे वाटत नाही. पण काही नकोसं वाटतं.

मावशी : मग मनोविकारतज्ज्ञालाही भेट. यात मी तुझी बाजू घेते. मन दुरुस्त व्हायला हवं, हे तू पहिल्यापासून म्हणतोयस ना, मग ते परीक्षा संपायच्या भरवशावर का सोडलंस? नैराश्यावरची काही औषधं भूक वाढवतात, काही सुरुवातीला कमी करतात. कुठलं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, तुला भूक नाही हे मात्र त्यांना सांगायला हवं. आणि रात्री-अपरात्री फार जड वाटलं तर १४४१६ वर फोन कर. टेलि-मानस. सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

त्याच्या जागी मी असतो तर एवढं सगळं एकदम ऐकून घाबरलो असतो. तो घाबरला नाही. उलट, पहिल्यांदाच त्यानं स्वतःहून विचारलं.

भाचा : समज, उद्यापासून सुरू केलं. एकदम पोटभर खायचं का?

मावशी : तू रोज थोडंतरी खातो आहेस, म्हणून हळूहळू वाढवायला हरकत नाही. पण हे सगळ्यांना लागू नाही. पाच-सात दिवस ज्याच्या पोटात जवळजवळ काहीच गेलेलं नाही, त्याला घरी बसून भरपेट खाऊ घालू नये. रक्तातली फॉस्फेट, पोटॅशियमसारखी क्षारद्रव्यं एकदम खाली येतात, हृदयावर ताण येतो. अशा माणसाला रुग्णालयातच सावकाश खाऊ घालतात. तुझ्या अभ्यासिकेत असा कुणी दिसला तर लाडू देण्याआधी डॉक्टरकडे ने.

भाचा : व्यायाम? मी धावणं बंदच केलंय, वजन कमी होईल म्हणून.

मावशी : धावणं नको, पण अंथरुणात पडूनही नको. बैठका, जोर, जमतील तेवढे, एक दिवसाआड. खाल्लेलं स्नायूंत जायला हवं. आणि संध्याकाळी वीस मिनिटं पायी. एकट्यानं नको, कुणाला तरी बरोबर घे, आणि येताना त्याच्याबरोबरच जेव. माणूस सोबतीत जास्त खातो. फोनवर परीक्षेच्या ग्रुपचे मेसेज वाचत जेवलास तर पुन्हा कॅननचं मांजर.

भाचा : एवढं सगळं करूनही मला वाटतं, मावशी, ज्या दिवशी निकाल लागेल त्या दिवशी मी खरा जेवेन.

मावशी : वाटू दे. तुझं म्हणणं मी खोडून काढणार नाही. फक्त त्या दिवशी जेवायला अंगात ताकद असू दे.

भाचा : सोमवारी तपासणीला जातो. तू येशील?

मावशी : येते. आणि दर रविवारी वजन करू.

भाचा : दर रविवारी नको. आकडा पाहिला की आठवडाभर तोच डोक्यात राहतो. पंधरवड्यानं.

मावशी : बरं, पंधरवड्यानं.

भाचा : आणि आकडा आईला मी सांगेन. तू नाही.

मावशी : कबूल.